पंचवीस सोमोनीचं पाणी

बीबीजान : आधी झाकण फिरवून बघू दे. मग भाव सांग.

मुनीरा : मावशी, झाकण फिरवलंत की बाटली तुमची झाली. पंचवीस सोमोनी.

बीबीजान : कितीला म्हणाली गं ही?

मेहरंगेझ : पंचवीस, बीबीजान.

बीबीजान : अख्ख्या खोक्याचा भाव सांगतेय वाटतं.

मेहरंगेझ : एका बाटलीचा. आणि हीच बाटली, हेच निळं झाकण, विमानतळाबाहेर टॅक्सी उभ्या राहतात तिथे तीनला मिळते! मी स्वतः पाहिली. मधे काय आहे सांगा? एक पट्टा, एक मशीन आणि एक जांभया देणारा शिपाई. तेवढ्यात पाणी बावीस सोमोनींनी महाग झालं!

मुनीरा : भाव मी लावत नाही. घ्यायची असेल तर घे, नाहीतर बाजूला हो. मागे लोक आहेत.

मेहरंगेझ : मागे कुणी नाहीये, ताई.

मुनीरा : येतील.

बीबीजान : त्या शिपायानं माझी बाटली काढून घेतली. घरच्या विहिरीचं पाणी. पहाटे स्वतः शेंदून भरलेलं. आणि मशीनच्या अलीकडे आले तर बघते काय, तुझ्या कपाटात तश्शाच निळ्या झाकणाच्या बाटल्या रांगेनं उभ्या! मला सगळं कळतं हो. तिकडे काढून घ्यायच्या आणि इकडे विकायच्या.

मेहरंगेझ : बीबीजान! हळू बोला ना.

बीबीजान : हळू का बोलू? चोरी मी केलीय?

मुनीरा : मावशी, तिकडच्या बाटल्या कचऱ्यात जातात. या सीलबंद आहेत. डोळ्यांना दिसत नसेल तर नातीला वाचून दाखवायला सांगा.

बीबीजान : डोळे चांगलेत माझे. तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा मोजता येतेय.

मेहरंगेझ : ताई, मनावर घेऊ नका. या आज पहाटेपासून सगळ्यांवरच संशय घेतायत. टॅक्सीवाल्याला म्हणाल्या, तू मुद्दाम लांबच्या रस्त्यानं आणलंस. तिकीट बघणाऱ्या बाईला म्हणाल्या, फोटोतली मुलगी माझी नात नाही, पासपोर्ट कुणी बदलला? आणि तो फोटो माझाच होता! फक्त केस कापायच्या आधीचा.

बीबीजान : लांब केसांची पोर द्या मला, म्हटलं. ही कापलेली कुणी आणली?

मुनीरा : बाटली घेताय की नाही?

बीबीजान : घेणार नाही. घेऊन उपयोग नाही.

मुनीरा : मग अर्धा तास झाकणं का तपासताय?

बीबीजान : तू दे. नुसती दे. तुझ्या हातानं. पैसे न घेता.

मुनीरा : काय?

मेहरंगेझ : थांबा, मी सांगते. ताई, तो दाराजवळ उभा आहे ना, हिरवी टोपी, पाठीवर बॅग, जो मुद्दाम आमच्याकडे बघत नाहीये, तो माझा दादा. खुशबख्त. तो येकातेरिनबुर्गला चाललाय, बांधकामावर. पहिल्यांदाच. आम्ही दोघी काझानला, आईकडे, सुट्टीपुरत्या. आमचं विमान नंतर आहे. आणि दादा सुखरूप परत यावा म्हणून त्याच्या मागे पाणी टाकायचं राहिलंय.

मुनीरा : ते घरी टाकतात. उंबऱ्यावरून.

बीबीजान : घराला कुलूप आहे. टाकणार कोण?

मेहरंगेझ : म्हणजे बघा ना, जो मागे राहतो त्यानं टाकायचं, बरोबर? पण आम्ही तिघं एकाच टॅक्सीनं निघालो. मागे कुणी राहिलंच नाही. शेजारच्या सायोहतमावशी बादली घेऊन आल्याही होत्या, पण बीबीजाननी त्यांना आत पाठवलं.

बीबीजान : तिनं टाकलं तर पोरगा तिच्या दारात परत येईल. तिला तीन मुली आहेत लग्नाच्या. मी काय ओळखत नाही तिला?

मेहरंगेझ : म्हणून बीबीजाननी युक्ती काढली. दादाचं विमान आधी आहे. तो निघेल तेव्हा आम्ही मागे राहू. म्हणून बाटली भरून आणली. आणि ती मशीनवाल्यानं घेतली.

बीबीजान : तो निघाला की आमचं विमान येईपर्यंत मीच घर. इथेच, या खुर्चीत. घरातून पाणी पडलं पाहिजे.

मुनीरा : मग विकत घ्या आणि टाका. तुमचं पाणी, तुमचा नातू.

बीबीजान : विकतच्या पाण्याला रस्ता कळत नाही.

मुनीरा : कुणी सांगितलं?

बीबीजान : मी सांगते. हिच्या बापाच्या मागे टाकलं होतं. त्या उन्हाळ्यात विहीर आटलेली, पाट कोरडा. टँकरवाल्याकडून बादली घेतली, पैसे मोजून. तेच टाकलं. गेला तो तिकडचाच झाला.

मेहरंगेझ : बाबा पाण्यामुळे नाही राहिले, बीबीजान. त्यांनी तिकडे दुसरं घर केलं म्हणून राहिले.

बीबीजान : आणि ते दुसरं घर कशामुळे झालं?

मेहरंगेझ : बघितलंत ताई? याच्यावर काय बोलणार? मी शाळेत वादविवादात पहिली आलेय, पण घरी रोज हरते.

मुनीरा : संडासात नळ आहे. फुकट. तिकडून घ्या.

बीबीजान : संडासातलं पाणी टाकून पोराला वाटेला लावू? तुझ्या घरी असंच करतात का?

मुनीरा : मावशी, एक विचारू? खरं सांगा. तुम्हाला दुकानाच्या मालकांनी पाठवलंय ना?

बीबीजान : कुठला मालक?

मुनीरा : माहीत नसल्यासारखं करू नका. गेल्या महिन्यात अशीच एक आजी आली होती. असाच डोक्याला फुलांचा रुमाल, असंच बोलणं, सोबत नातू. औषध घ्यायचंय, घोटभर पाणी दे पोरी. माझ्या जागी झरीना होती, तिनं बाटली उघडून दिली. आजी मालकांची चुलती निघाली! झरीना आता बाजारात मोजे विकते.

मेहरंगेझ : अय्या! खरंच?

मुनीरा : म्हणून तू गोड बोलतेस, या आंबट बोलतात, आणि पाणी मात्र दोघींना फुकट पाहिजे! मला दोन पोरं आहेत शाळेत. माझ्यावर तो वरचा कॅमेरा आहे. जा, सांगा मालकांना, मुनीरानं दिली नाही.

बीबीजान : मी? मी कुणाची हेर? या वयात? अगं, मला काल काय खाल्लं ते आठवत नाही, हेर कसली होतेय!

मेहरंगेझ : आणि मालकानं यांना पाठवलं असतं तर यांनी आधी मालकाच्या चपला तपासल्या असत्या, खऱ्या चामड्याच्या आहेत का म्हणून!

मुनीरा : हसवू नकोस मला. मी हसणार नाही.

(भोंग्यातून आवाज : येकातेरिनबुर्गच्या प्रवाशांनी दाराजवळ यावं.)

मेहरंगेझ : बीबीजान! रांग हलली! दादा बॅग उचलतोय!

बीबीजान : मग राहू दे. काढते पैसे. विकतचंच टाकू. काहीच नसण्यापेक्षा... कुठे गेलं माझं पाकीट? धर हे. हा चष्मा. ही शेव. ही जर्दाळूची पिशवी. ही नान, नीट धर, उलटी ठेवू नकोस. पाकीट तळाशी असेल.

मुनीरा : ही नान अशी का?

मेहरंगेझ : कशी?

मुनीरा : एकाच बाजूनं चावलेली. एकच घास.

बीबीजान : त्यानं चावलीय. निघताना. आल्यावर उरलेली खाईल. तू काय या गावची नाहीस?

मुनीरा : ती घरी ठेवतात, मावशी. भिंतीला टांगतात. घेऊन कोण फिरतं?

बीबीजान : घराला कुलूप आहे, सांगितलं ना. कुलपाच्या आत उंदीर आहेत. आता घर मी आहे, तर नान माझ्याकडे राहील. तो परत येईपर्यंत काझानला नेईन, काझानहून आणीन.

मेहरंगेझ : मशीनवाल्यानं नान तीनदा फिरवली! तीनदा! म्हणाला, यात काय आहे? मी म्हटलं, यात माझ्या दादाचे दात आहेत.

मुनीरा : असली नान मालकांच्या माणसांकडे नसते.

बीबीजान : काय पुटपुटतेस? हे घे. पंचवीस. मोजून घे, नंतर मला चोर म्हणशील.

मुनीरा : राहू द्या पैसे. ऐक, पोरी. इकडे ये, गल्ल्याच्या या बाजूला. खाली बघ. किटली दिसतेय?

मेहरंगेझ : चहाची?

मुनीरा : माझी. आम्हा कामवाल्यांना घरचं पाणी आणू देतात, हुंगून बघतात फक्त. आमच्या अंगणातल्या विहिरीचं आहे.

बीबीजान : उकळलेलं?

मुनीरा : अजून नाही. दुपारी उकळते.

बीबीजान : विहीर कुणाची?

मुनीरा : माझ्या सासऱ्यांनी खणलेली.

बीबीजान : पाणी विकता का त्यातलं?

मुनीरा : मावशी, तुमचा नातू दाराशी पोचला!

बीबीजान : विकता का ते सांग आधी!

मुनीरा : नाही! गल्लीतले सगळे फुकट नेतात!

बीबीजान : मग दे.

मेहरंगेझ : पण कॅमेरा, ताई?

मुनीरा : कॅमेरा गल्ल्यावर आहे. माझ्या किटलीचा हिशेब कुणी ठेवत नाही. पळा! इथे माझ्या दुकानासमोर नको, दाराजवळ जा. थांबा, मावशींना जड होईल, मी आणते.

मेहरंगेझ : चला बीबीजान, हात द्या! जरा बाजूला व्हा, प्लीज, आम्हाला त्याच्या मागे जायचंय! नाही काका, आम्ही रांग तोडत नाही, आम्हाला विमानात बसायचंच नाही! बीबीजान, तो तिकीट दाखवतोय... दार उघडलं... गेला! पाठ दिसतेय! टाका!

बीबीजान : पाण्यासारखा सरळ जा रे. पाण्यासारखा परत ये.

मेहरंगेझ : त्यानं मागे नाही पाहिलं.

बीबीजान : पाहायचं नसतं. शहाणा आहे.

मेहरंगेझ : पण कान लाल झाले. मी बघितले! लाजला किंवा रडला, दोनातलं एक. बीबीजान, तो शिपाई येतोय! तोच मशीनवाला!

मुनीरा : तुम्ही काही बोलू नका. मला किटली द्या. काय झालं म्हणून काय विचारतोस, शिपाईदादा? माझ्या हातून सांडली. हो, माझी किटली, माझं पाणी. या आजींना लागलं तर नाही ना, ते विचारतेय त्यांना. तू जा, मी बघते इथलं.

मेहरंगेझ : गेला. पण वळून वळून बघतोय आपल्याकडे.

बीबीजान : बघू दे. आता तो संशय घेऊ दे, मी दमले.

मेहरंगेझ : ताई, तुम्हाला पुसावं लागेल ना हे? मी मदत करू? मी फरशी भारी पुसते. आमच्या वर्गात...

मुनीरा : निघालेल्याच्या मागे पुसतात का, वेडे? तिकडे कोपऱ्यात पिवळी पाटी आहे, ओली फरशी लिहिलेली. ती आणून इथे उभी कर. आपसूक वाळेल.

बीबीजान : ही शहाणी आहे. मघाशी मला वाटलं होतं, तशी नाही.

मुनीरा : मघाशी तुम्हाला वाटलं होतं, मी बाटल्या चोरते.

बीबीजान : अजूनही थोडं वाटतं. चल, आता ती निळ्या झाकणाची बाटली दे. घसा कोरडा पडलाय.

मेहरंगेझ : विकतचं पाणी? तुम्ही? पंचवीस सोमोनी?

बीबीजान : पिण्यापुरतं चालतं. त्याला कुठे जाऊन परत यायचंय? पण झाकण मी फिरवणार.

मुनीरा : फिरवा. हे घ्या. मावशी, तुमची ती नान... आता किती मऊ आहे.

बीबीजान : आजची आहे. उद्यापर्यंत कडक होईल.

मुनीरा : नंतर दगड होते. आमच्या घरी एक आहे, स्वयंपाकघराच्या दारावर. पोरांच्या बापाची. रंगकाम करताना मी ती काढली नाही, भोवतीनं रंगवलं.

मेहरंगेझ : ते कधी येणार आहेत?

मुनीरा : आधी फोनवर सांगायचे, वसंतात. आता फोनवर ते विचारतात, पोरं कशी आहेत.

बीबीजान : निघाला तेव्हा पाणी कुणी टाकलं?

मुनीरा : मी इथे कामावर होते. घाईत... इथून त्यांनी फक्त हात केला. मी गल्ल्यामागे होते. रांग होती.

बीबीजान : कुठल्या दारानं गेला?

मुनीरा : त्याच.

बीबीजान : मेहरंगेझ, किटली हलवून बघ. आहे का काही?

मेहरंगेझ : आहे, बीबीजान. थोडंसं.

बीबीजान : घे पोरी. उशिरा टाकलेलं पोचतं की नाही, ते मला माहीत नाही. पण पाणी तुझ्या घरचं आहे.