‘अहो’ कुणाला?

—दिसला हो, दिसला तो डाग, स्कॅनची फिल्म ठेवा आता खाली, उजेडाला धरून धरून हात भरून येईल तुमचा. मेंदूत डावीकडे डाग, म्हणून बायकोचं बोलणं गेलं — झालं, संपलं तुमचं शास्त्र! डॉक्टरीणबाई, आख्खी नोकरी मानसशास्त्र शिकवलंय मी. उंदरांना कळ दाबायला शिकवलं, कबुतरांना गिरक्या घ्यायला — एकाचीही कवटी उघडावी लागली नाही. दाणा कधी दिला, कधी नाही, तेवढं सांगा, जनावर पुढं काय करील ते मी सांगतो. मन, मेंदू, आतलं-बितलं — वर्गात कुणी हे शब्द काढले की मी खडू फेकून मारायचो. आत कुणी बघितलंय? तुम्ही बघितलंत — आणि काय सापडलं? डाग!

काय म्हणालात? पक्षाघाताच्या झटक्यात सगळे शब्द गेले आणि ‘अहो’ तेवढा उरला, त्याला अर्थ नाही? अहो, हाक आहे ती! लग्नापासून मला ‘अहो’च म्हणत आलीये. आता मी पद्धतशीर सराव घेतो — ‘अहो’ आलं की हातातलं टाकून जातो, पाणी पाजतो, गालावर हात ठेवतो. नाही आलं तर तिच्या खोलीच्या दाराआड बसून राहतो, तिचा घसा कोरडा पडला तरी. तोंड वाकडं करू नका, शिस्त लागते त्याला. आता दिवसभर हाक मारते.

काय? मीही आत्ता तुम्हाला ‘अहो’ म्हणालो? ते... ते आपलं जिभेच्या सवयीनं. त्यात काय!

हो, नर्सलाही म्हणते. पंख्यालासुद्धा म्हणते — सवय पसरते, लाल दिव्यावर चोच मारायला शिकलेलं कबुतर नारिंगी दिव्यावरही मारतं, त्यात नवल काय — हो, कळलं मला मी काय बोललो ते! तिला कबुतर म्हणालो. तुम्ही नका शिकवू. तुमच्या मते तो शब्द डागामुळे उरलाय, माझ्या मते पाण्याच्या घोटामुळे — आणि ती? ती आत असेल, म्हणून म्हणत असेल, असं कुणीच म्हणायचं नाही? मला नाही म्हणता येत, बाई. तुमच्याकडे एवढं यंत्र आहे, तुम्ही तरी म्हणा!

ऐकलंत? तिच्या खोलीतून — ‘अहो.’ कसं स्वच्छ! — तुम्ही कुठं निघालात आत? थांबा. उघड्या दारातून तुमच्याकडे बघून म्हणाली? छे, मान वळत नाही तिची. उचला ती फिल्म. बाहेरचं दार तिकडं आहे. मला बोलावलंय तिनं.