करंगळी टेकायला जागा

“चाचा, करंगळी उचला! काचेला लागली की भलतीच रेघ उमटते.”

“करंगळी टेकल्याशिवाय रेघ सरळ येते का? तीस वर्षं पाट्या रंगवल्या मी!”

धुळे स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या रांगेत भाईदास तापला. तळहाताएवढ्या यंत्रावर चित्रं काढायचा त्यानं बनवलेला प्रोग्रॅम उद्या पुण्यात दाखवायचा होता, आणि देवपूरच्या नूर महंमद पेंटरला त्यावर साधी रेघ जमेना.

“मग बाहेर काठावर टेका!”

“तिथून ही काचेवर लिहायची काडी मधे पोचत नाही. भिंत हलत नाही म्हणून मी शिडी हलवतो. तुझं चित्र हलवता येत नाही?”

भाईदासनं यंत्र डोळ्यांसमोर धरलं. मग तो हसत सुटला.

“येतं की! हात काठावर, चित्रच सरकवायचं. गाडीतच लिहून काढतो!”

“देवपूरच्या पेंटरनं शिकवलं म्हणून सांग.”

“बठ्ठ्यांना, एकूणएक सगळ्यांना सांगतो! चाचा, गाडी लागली, निघतो आता.”