दमलेल्या सेलचा उजेड

चांगुणा : ती सुरी ठेवा आधी खाली. तांबडी खुडूक बसलीय, अंड्यांवरनं उठवायची न्हाई.

कारभारी : अगं, जावई पारनेरवरनं गावरान कोंबडीच्या आशेनं येतोय. अन् हिचं काय? मागल्या खेपंला बसली, समदी अंडी नासकी निघाली.

चांगुणा : आठवडा झालाय. अंडं उजेडाम्होरं धरलं की आतला जीव दिसतो.

कारभारी : उजेड कुठनं आणती? टॉर्च मेलाय, मोबाईलला चार्जिंग न्हाई, लाईट दुपारी येनार.

चांगुणा : सूनबाई लागलीय कामाला. दिपाली, झालं का गं?

दिपाली : एकच तार राहिलीय, आत्या. मामा, तुमच्या मुक्या रेडिओतला ट्रान्झिस्टर काढलाय, रागवू नका.

कारभारी : काढ बाई. अन् सेल?

दिपाली : बंद पडलेल्या घड्याळातला.

कारभारी : ज्याच्यानं काटा हलंना, त्यो दिवा लावनार?

दिपाली : सरळ जोडला तर नाहीच लावणार. टॉर्चमधल्या पांढऱ्या एलईडीला तीन व्होल्ट लागतात, यात जेमतेम एक उरलाय. म्हणून ही तारेची दुहेरी गुंडाळी. हापशी कशी, दांडा मारत मारत खोलातलं पाणी वर आणते? तशी ही करंट साठवते, ट्रान्झिस्टर तो मध्येच तोडतो, की जोराचा धक्का बसून दिवा लागतो. सेकंदाला हजारो वेळा. डोळ्याला मात्र सलग उजेड दिसतो.

कारभारी : मला तर काईच दिसंना.

दिपाली : एक गुंडाळी उलटी जोडली वाटतं. टोकं बदलते... हं, लागला.

कारभारी : आयला. डोळं दिपलं की.

चांगुणा : दार लावा अन् घोंगडी घ्या डोक्यावर. अंडी गार व्हायच्या आत बघू.

(तिघंही एका घोंगडीखाली.)

कारभारी : कोपर काढ तुझं. हे तर कोरंच हाय. म्हनलं न्हवतं?

चांगुणा : एकावरनं काय ठरतंय? हे घे. खालनं लाव गं.

दिपाली : आत्या, लाल रेषा.

चांगुणा : अन् मधी ठिपका. हलतोय बाई. माझ्या जिवात जीव आला.

कारभारी : सरा जरा... उडतंय की गं. काळीज उडतंय त्याचं. दुसरं दाव. ह्यात बी हाय. ह्यात बी.

दिपाली : मामा, दिवा द्या ना इकडं.

कारभारी : थांब, माझं बघून व्हायचंय.

चांगुणा : अन् जावयाला काय वाढू?

कारभारी : पिठलं टाक, ठेचा कर. मी सांगतो त्याला, घरात बाळंतपन हाय म्हनून.