गिरणीच्या विटा

(कशेळ्याजवळची बंद पडलेली भातगिरणी. सकाळची वेळ. पाडकाम बरंचसं उरकलं आहे.)

समिधा : गजाभाऊ, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून उगाच बोलू नका.

गजा : बरं वाटायला मी काय डॉक्टर हाय? मिस्त्री हाय मी, ताई. ही पिशवीतली वीट तुमच्या भिसेगावच्या घराची. आन ही गिरणीची. आता पाठ करून उभ्या ऱ्हावा, मी अदलाबदल करतो. हां, फिरा. सांगा घरची कंची.

समिधा : डावीकडची.

गजा : ती गिरणीची.

समिधा : परत करा. मी फिरते... आता उजवीकडची.

गजा : ती पन गिरणीचीच. सतरा वर्षं त्या घरात ऱ्हायलात तुमी लग्नाआदी, आन तुमाला वळकत नाय. मंग आनिक काय पायजे?

समिधा : तीन आठवडे झाले हो. नेरळ, चौक, खालापूर, खोपोली. रंग जुळला तर माप नाही, माप जुळलं तर रंग नाही. खालापूरचा तो भट्टीवाला तर म्हणाला, कुठलीही लावा आणि वरून गेरू फासा.

गजा : त्याला काय जातंय. पाठीवरचा शिक्का बघा. ‘श’ हाय ना? तुमच्या विटेवर पन तोच. एका भट्टीचा माल हाय, ताई. तुमच्या बाबांचं घर आन ही गिरणी आगंमागंच उभी ऱ्हायली असनार. आन गिरणी चुन्यात बांधलीय, म्हनून वीट अशी धड सुटते. शिमिटात असती तर तुकडं हातात आलं असतं.

समिधा : मी बाबांना फोन लावते.

गजा : थांबा, आदी मोजू. साडेचारशे पायजेत. घरच्या भिंतीत नवं दार पाडताना शंभरेक निघतील, त्या सोडून. आन इथं तर निस्ता चुरा दिसतोय मला. जेसीबीनं पार पीठ केलंय. ती चवड सोडली तर. तिकडं, चिंचेखाली. बघा कशा रचल्यात.

समिधा : अख्ख्या आहेत सगळ्या. घासूनपुसून ठेवल्यात. गजाभाऊ, या पाचशेच्या वर असतील.

ठकी : सहाशे दहा. हात नको लावू, बाय.

समिधा : तुम्ही इथल्या का, मावशी?

ठकी : पल्याडच्या वाडीतली. ठकी नाव माझं. आठ दिस झालं, चुना खरवडते. मुकादम बोलला, धड निघंल ती वीट तुझी, तीच तुझी मजुरी.

समिधा : मग आम्ही मुकादमांशीच बोलू का?

ठकी : त्यानं काय बोलायचं? विटा माझ्या हायत.

गजा : बरोबर बोलली ती, ताई. मावशे, बाकीचा माल कुटं गेला गं?

ठकी : काल डंपर आलं चार. कुनाच्या फार्महाऊसच्या रस्त्याखाली गेला. ह्यात भर नाय पडायची आता.

समिधा : मावशी, मला यातल्या साडेचारशे हव्यात. त्या बदल्यात नव्या देते, दुप्पट. तुमच्या वाडीवर टेंपोनं पोचत्या करते.

ठकी : नव्या नको.

समिधा : का पण? एका खोलीऐवजी दोन होतील.

ठकी : वीस वर्सं भट्टीवर थापल्यात मी विटा. ल्हानपनापासून. आता माती कशी घेत्यात ते म्हाईत हाय मला. हिला बघ, टिचकी मारते. ऐकलंस? तांब्यावानी वाजली. आता ती तिकडं पडलीय नवी, मुकादमानं गड्यांच्या चुलीला आनलेली. तिला मार.

समिधा : काहीच आवाज नाही.

ठकी : नाय येनार. आर्धी कच्ची हाय. दोन पावसाळ्यांत भुगा. माझं घर कुडाचं हाय, बाय. दर साली कारवी आना, शेन-माती लिंपा. आता माझ्यानं नाय व्हत. एकदाच बांधीन ती भिंत, मंग ती ऱ्हायला पायजे.

गजा : ही बाई मिस्त्र्याचंच बोलतेय, ताई. हिच्याफुडं मी काय वाद घालू?

समिधा : नका घालू. त्यांचंच बरोबर आहे. चला, निघू या.

ठकी : कशाला पायजेत तुला एवढ्या? तुझ्या घराला तर भिंती हायत.

समिधा : वडलांसाठी. माथेरानच्या गाडीवर गार्ड होते ते. श्रावणात अर्धांग झालं. संडास आहे अंगणाच्या पलीकडे. दोघांनी खुर्चीसकट उचलून न्यायचं, तेही पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर. म्हणून त्यांच्या खोलीला लागून न्हाणीघर काढायचंय. पण ते घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, उघड्या विटांचं, गिलावा नाही. म्हणतात, पुढल्या अंगाला वेगळी वीट दिसली तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. उचलून नेता तसं न्या.

ठकी : हट्टी हाय म्हातारा.

समिधा : खूप. मी ओरडलेसुद्धा त्यांच्यावर. मग एक दिवस बघितलं, खुर्ची उचलली की ते डोळे मिटून घेतात. अंगण संपेपर्यंत उघडत नाहीत. तेव्हापासून मी विटा शोधतेय.

ठकी : ...नव्या कुटून आननार व्हतीस?

समिधा : कर्जतजवळची भट्टी आहे. तूस घालून भाजतात, असं म्हणाले.

ठकी : तुसाची बरी भाजते. पन मी निवडीन. एकेक वाजवून. नाय वाजली ती माघारी.

समिधा : तुम्ही म्हणाल ती वीट. तुम्हाला गाडीतून घेऊन जाते, आणते. दिवस लागला तरी चालेल.

ठकी : नऊशे नको. साडेचारशेच्या बदल्यात सहाशे पुरे. आन अजून एक. हा मिस्त्री माझं कोपरं उभं करनार. चारी. मदली भिंत माझा ल्योक रचील, त्याला सरळ रेघ दिली की जमतंय. कोपऱ्यालाच चुकतो तो.

गजा : मला न इचारता मला वाटून टाकलं की गं.

ठकी : इचारते. येनार का?

गजा : ओळंबा धरून चार कोपरं म्हंजी दोन दिस जातील. खोपोलीचं काम आदीच तटलंय माजं.

समिधा : गजाभाऊ.

गजा : नाय बोललो का मी? येतो. पन पाया मी बगनार. पाया वाकडा असला तर कोपरा सरळ करून काय उपेग? आन आदी कुनाचं, ते ठरवा. ताईंचं का तुजं?

ठकी : आदी म्हाताऱ्याचं. मी कुडात जन्म काढलाय, अजून पंदरा दिस काढीन. त्याला अंगनातनं रोज जायचंय.

समिधा : मावशी, तुमचे खूप उपकार...

ठकी : बोलू नको, उचल. तू चारचार घे, जास्ती घेतल्यास तर कडा मारशील. आन शिक्का वर ठेवून रच.

गजा : टेंपोवाल्याला फोन लावा, ताई. आन खाली पेंढा टाकायला सांगा त्याला, नायतर कडावच्या खड्ड्यांत निम्म्या फुटतील.

समिधा : लावते. पण आधी बाबांना... उचलला. बाबा, मी कशेळ्याहून बोलतेय. मिळाल्या. हो. नाही, तशाच नाही, त्याच. त्याच भट्टीच्या, ‘श’ आहे पाठीवर. बरं. बरं, सांगते.

गजा : काय म्हनाले?

समिधा : म्हणाले, आडवी-उभी वीट नीट सांधायला सांग गजाला, आणि दोन विटांमधल्या दर्जा बोटभर नकोत, पातळ भर म्हणावं.

गजा : म्हंजी झालं. खूश हायत. तेवीस वर्सं मला असंच शिकवतायत ते. मावशे, तुज्या घराचं सांग आता, म्हंजी डोक्यात बसंल माज्या. खिडकी कंच्या अंगाला?

ठकी : खिडकी?

गजा : कुडाला नसंल. विटेच्या भिंतीला नको का?

ठकी : डोंगराच्या अंगाला ठेव. पाऊस दुसऱ्या बाजूनं मारतो.

गजा : आन उंची? छातीएवडी?

ठकी : नाय. खाली ठेव. बसल्याजागी भायेर दिसलं पायजे.