मानसिंगरावाच्या पेटीवरचे पोपटी ठिपके

…आन् वर मलाच विचारत्यात, "संभाआबा, ह्या वयात तरी जरा लाज?" अवो, लाज कसली! वारा काय माझ्या घरचा हाय का? मी माझी उसाची ट्रॉली रंगवत हुतो, कारखाना सुरू व्हायच्या आत, कुणाचा तरी फवारा मागून आणून, झ्याक पोपटी रंग… आन् उजनीच्या पाण्यावरनं आलं वारं! निम्मा रंग ट्रॉलीवर बसला, निम्मा गेला उडत, आन् बसला कुठं? पलीकडं तालमीच्या शेडात उघड्यावर ठिवलेल्या शवपेटीवर! शवपेटी म्हंजे ती वो, लायटीवरची, गार. पोरंबाळं लांबनं यायची असली की माणूस ठिवत्यात तीत. दुधावानी पांढरी पत्र्याची पेटी, आन् तिला गोवर उठल्यागत अंगभर पोपटी ठिपके! मला ठावंबी न्हाय. आन् दुसऱ्या दिवशी सकाळी गेला कोण? मानसिंगराव! माझा साठ वर्षांचा दोस्त! अख्ख्या पळसदेवात जायला दुसरं कुणी न्हवतं? आता ह्यात गंमत कुठं हाय, तुमीच सांगा!

पोरांनी पेटी आणून अंगणात टेकवली. दीडशे माणूस गोळा झाल्यालं, पर तुमाला सांगतो, पेटीकडं एकानंबी बघितलं न्हाय. समद्यांनी माझ्याकडं बघितलं!

व्हय, म्या मानसिंगरावाच्या खोड्या काढल्या. कबूल! त्याला पोरगी बघायला नेलं, तवा त्याच्या हुणाऱ्या सासऱ्याला मी हळूच सांगितलं, पोरगं लाखात एक हाय, फकस्त ऐकायला कमी. सासरा मरंस्तवर त्याच्याशी वरडून बोलला! पर ती जित्त्या माणसाची गंमत. मेल्या माणसाची कोण करतंय?

तर मानसिंगरावाची मंडळी, प्रयागबाई, उठल्या. रडत न्हवत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "भावजी, जित्तेपणी लई झालं. आता तरी सोडा त्यास्नी."

"वैनी, देवाशपथ, वारा…"

"ही पेटी पांढरी झाल्याबिगर माझा माणूस आत जायचा न्हाय. आन् पुसायची तुमी. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

झालं! लेक राजलक्ष्मी दिल्लीहून इमानानं निघाल्याली, दिवस मावळायच्या आत येणार, आन् बाहेर आक्टोबरचं ऊन मी म्हणतंय. तवर मानसिंगरावाला ठिवलं बर्फावर. बर्फ कुणाचा? मासळीवाल्याचा! आमच्याकडं दुसरा बर्फ मिळतोय कुठं? माळकरी माणूस, उभ्या जन्मात बोंबलाच्या वासाला थांबला न्हाय, आन् आता चिलापी माशाच्या बर्फावर उताणा! शेजारची सरुबाई नाकाला पदर लावून म्हंती, "हेबी संभ्याचंच काम!" बर्फबी माझ्याच नावावर! आता ह्यात गंमत कुठं हाय, तुमीच सांगा!

मी आणलं थिनर. पायाकडच्या कोपऱ्यावर फडकं मारलं, ठिपका गेला… आन् त्याच्यासंगं खालची चकाकीबी गेली! बोट लावलं तर पांढरा रंग चिकाट. मग फोन लावला चतुराबाईच्या बुद्धभूषणला. पोरगं बारामतीच्या एमआयडीसीत, पत्र्याला रंग बसवायच्या कारखान्यात सुपरवायझर हाय.

"आबा, हात थांबवा! त्यो थर भट्टीत भाजून बसवल्याला असतो. थिनरनं मऊ पडंल."

"मग काय करू रं?"

"साबणाचं पाणी आन् गोळा. गाड्या चमकवत्यात त्यांच्याकडं असतोय बघा, मळल्याल्या कणकंवानी. मी सुट्टी टाकून घिऊन येतो. तवर कायबी करू नका. आबा, कायबी म्हंजे कायबी!"

आता बारामतीसनं त्यो यायचा कवा? हिकडं बर्फाचं पाणी उंबरा वलांडून अंगणात आलं, माझ्या पायाखालनं गेलं. गार. माशाच्या वासाचं. त्या पाण्यात उभं ऱ्हाऊन तुमी दम धरला असता? मी म्हणलं, कणकंवानीच असतोय ना गोळा? मग कणीकच घिऊ की! सरुबाईच्या परातीतनं मूठभर उचलली, चांगला गोल गोळा केला, पाणी लावलं, आन् लागलो पेटीवर फिरवायला…

आधी कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. मग एक बाई किंचाळली. सरपंच आप्पासाहेब धावत आले, "आबा, पिंड धाव्याला असतोय! धाव्याला! अजून माणूस घरात हाय!" मी म्हणतोय, आवो पिंड न्हाय, रंग काढतोय… ऐकतंय कोण! आन् तेवढ्यात पत्र्यावर येऊन बसला कावळा! धाव्याला आख्ख्या गावाला उन्हात ताटकळत ठिवणारं ते बेणं, त्या दिवशी बिनबोलावता हजर! मान वाकडी करून कणकंकडं बघतंय! मागं कुणाला तरी हसू फुटलं. प्रयागवैनींनी डोळं मिटलं. आन् ठिपका एकबी निघाला न्हाय, वर कणीक मातूर बसली पत्र्याला चिकटून. आता ह्यात गंमत कुठं हाय, तुमीच सांगा!

बुद्धभूषण आला. पेटीकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, म्हणाला, "आबा, ही कणीक?" म्या मान खाली घातली. पिशवीतनं राखाडी गोळा काढला, वैनींच्या फुडं गेला, "काकू, आबांच्या जोडीला मी हात लावला तर चालंल का?" त्यांनी मान डोलावली.

तर गोळ्याची तऱ्हा अशी. तळहाताएवढी जागा साबणाच्या पाण्यानं निथळती करायची आन् गोळा नुसता सरकवायचा. दाबायचा न्हाय. बुद्धभूषण म्हणायचा, "आबा, घासू नका, लेकराच्या अंगावरनं हात फिरवल्यागत." आधी बोटाला खरखर लागती. मग खरखर कमी हुती, कमी हुती, आन् एकदम गुळगुळीत. गोळ्यावर पोपटी, खाली पांढरं. त्यो एका बाजूनं, मी एका बाजूनं. दोन तास. आन् झाकणापाशी आलो, जिथं मानसिंगरावाचं डोस्कं येणार हुतं, तिथं मला आवरंना. तुमाला सांगतो, बायको गेली तवाबी असा रडलो न्हवतो. आन् मागनं आवाज आला, "बघा बघा, आता रडायची नक्कल करतंय म्हातारं!"

म्या मागं वळून बघितलं न्हाय. फुडच्या ठिपक्याला लागलो.

पेटी झाली. वैनींनी पदरानं हात पुसला, पत्र्यावरनं फिरवला, हिकडनं तिकडं. पोरांनी मानसिंगरावाला आत ठिवलं, बटण दाबलं, पेटी घुमाय लागली.

आन् दिवस मावळायला राजलक्ष्मी आली. बापाला झाकणाच्या काचेतनं बघितलं. आन् मग फिरून सरळ माझ्याकडं आली, माझा सदरा दोन्ही हातांनी धरला, आन् म्हणाली, "काका, ही तुमची गंमत आहे ना? एकदा म्हणा ना, गंमत आहे."

साठ वर्षांत पहिल्यांदा माणूस माझ्याकडं गंमत मागत हुतं, आन् माझ्यापाशी न्हवती वो. न्हवती.

आता पेटी मीच सांभाळतो. आठवड्याला पुसतो, प्लग लावून बघतो. लोक म्हणत्यात, आबा सुधारला. कशाचं सुधारतोय! मी मेल्यावर काय हुणार, मला सपष्ट दिसतंय. गाव येणार, भवती उभं ऱ्हाणार आन् म्हणणार, "चला, रडू नका, आत्ता उठंल बघा म्हातारं!" दोन दिवस तरी कुणी तिरडी बांधायचं न्हाय… तवर टिकाय नको व्हय मी?