सासऱ्यांची भट्टी आणि मामाचं जहाज

सगळा दोष माझ्या मामाचा! लढाईचा नाही, समुद्राचा नाही, एकट्या मामाचा! तुम्हाला सांगतो, परदेशातून आलेला माल बंदरातून सोडवून द्यायचा, हा त्याचा धंदा, आणि कॉलेज सोडल्यावर मला तिथं फोन उचलायला बसवलेलं. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर एकच, "उद्या लागतंय जहाज!"

अहो, कुठलं उद्या? तिकडं सामुद्रधुनीत लढाई जुंपलेली, जहाजं अख्ख्या खंडाला वळसा घालून येताहेत, मी मोबाइलवर आमच्या जहाजाचा ठिपका बघतोय, तो भलत्याच महासागरात... म्हटलं, "मामा, खरं सांगू या." तर चहा फुरकत म्हणतो कसा, "भाच्या, शिक्षण सोडलंस, आता अक्कलही सोड. गिऱ्हाइकाला धीर द्यायचा असतो!" ही मोठी माणसं! थापा यांनी मारायच्या आणि त्याला नाव काय, तर धीर!

बरं, गिऱ्हाईक कोण? माझे होणारे सासरे! बेकरीवाले! त्यांनी मागवलेली भट्टी खोलीएवढी, दारातून शिरणारच नाही, म्हणजे भिंत पाडा, जुनी भट्टी उखडा. त्यांनी फोनवर विचारलं, "जावईबापू, पाडू का?" मी तोंड उघडायच्या आत मामानं फोन हिसकावला, "पाडा, पाडा! उद्या लागतंय जहाज!"

पाडली की हो!

आणि जहाज? आलं! पण वळसा घालून आलेली सगळी एकदमच थडकली, बंदराबाहेर ही रांग! आमच्या जहाजानं बंदरच गाळलं, आमचा कंटेनर पुढच्या देशात उतरवून चालतं झालं. इकडं बेकरीत भट्टी नाही, भिंत नाही, पिठाच्या पोत्यांवर कबुतरं, कारागीर घरी, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात... आणि मामा त्या भगदाडात उभा राहून सासऱ्यांना सांगतोय, "काळजी कशाला? दुसऱ्या जहाजात चढवलाय. उद्या लाग..."

"बाहेर व्हा," सासरे म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

मग त्यांची मुलगी, माझी होणारी बायको, पुढं आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "जहाज कुठं आहे, तुला ठाऊक होतं?"

मी मामाकडं बघितलं. मामा कबुतरं बघतोय! फोनवर इतक्या थापा मारल्या हो, आणि नेमकं तिथं तोंडातून "हो" निघालं.

बेकरी विकली. लग्न मोडलं.