कॅरावॅनमधली गोणपाटं

ऐका तर, आमच्या ह्यांनी जुन्या टेम्पोची कॅरावॅन केली आणि आमच्या दोन धिप्पाड कुत्र्यांची नखं सोसेल असं महागाचं व्हिनाइल खाली बसवून घेतलं. ओरखडा म्हणून उठेना, पण कुत्रे घसरून आपटायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "मग गोणपाटं हातरा की! माळ्यावर पडलीत."

हातरली. पेणहून निघालो, कुत्रे मागे, आम्ही पुढे. "बघ, कसे गप बसलेत," हे एकदम खूश.

कोलाडला चहाला थांबलो, मागचं दार उघडलं, तर गोणपाटांच्या चिंध्या, व्हिनाइल कोपऱ्यापासून उचकटलेलं आणि दोघं खालचा पत्रा चाटतायत!

ह्यांनी तिथूनच फोन लावला. "आई, गोणपाटं कसली होती गो?"

"सुकटीची. का रे, कुत्र्यांना आवडली नाय?"